भट्टी विझली, मत उशिरा फिरले

अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकांची चर्चा बहुधा राज्यांच्या पातळीवर होते. परंतु मतदारांच्या निष्ठा कशा घडतात आणि कशा ढासळतात हे समजून घ्यायचे, तर एखाद्या काउंटीकडे, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाकडे, पाहणे अधिक उद्बोधक ठरते. ओहायो राज्यातील महोनिंग काउंटी हे असेच एक उदाहरण. यंग्जटाउन हे तिचे प्रमुख शहर आणि पोलाद हा तिचा एकेकाळचा प्राण.

१९ सप्टेंबर १९७७ रोजी यंग्जटाउन शीट अँड ट्यूब कंपनीने कॅम्पबेल येथील आपल्या कारखान्याचा मोठा भाग बंद करीत असल्याचे जाहीर केले. सुमारे ५ हजार कामगारांची रोजी गेली. तो दिवस तेथे आजही 'काळा सोमवार' म्हणून ओळखला जातो. पाठोपाठ इतर भट्ट्याही विझल्या. १९७० साली तीन लाखांवर असलेली काउंटीची लोकसंख्या २०२० पर्यंत दोन लाख तीस हजारांच्याही खाली आली.

पोटावर पाय आला की मत फिरते, असा सर्वसाधारण समज आहे. महोनिंगने तो निदान त्या वेळी तरी खोटा ठरविला. बंद कारखाना कामगार व स्थानिक समाजाच्या मालकीने चालविण्याची योजना तेथील धर्मसंस्थांच्या पुढाकाराने मांडली गेली होती. तिला कर्जाची हमी देण्यास कार्टर प्रशासनाने १९७९ मध्ये नकार दिला. तरीही १९८० मध्ये या काउंटीने कार्टर यांनाच कौल दिला. १९८४ मध्ये पन्नास राज्यांपैकी केवळ मिनेसोटा मॉण्डेल यांच्या पाठीशी राहिले, तेव्हाही महोनिंग त्यांच्याच बाजूने होते.

याचे कारण असे की, ही निष्ठा केवळ वेतनावर उभी नव्हती. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने कामगारांना संघटनेचा हक्क दिला. १९३७ चा पोलाद कामगारांचा रक्तरंजित संप या खोऱ्याने अनुभवला. पक्ष, संघटना, चर्च आणि शेजार यांची वीण त्यातून घट्ट झाली. कारखाना एका दिवसात बंद करता येतो; ही वीण उसवायला पिढी जावी लागते.

ती उसवत होती, हे मात्र पक्षाने वेळीच ओळखले नाही. उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापाराच्या करारावर १९९३ मध्ये क्लिंटन यांनी शिक्कामोर्तब केले. ज्यांचे रोजगार आधीच गेले होते, त्यांना व्यापाराचे एकूण लाभ सांगण्यात फारसा अर्थ नव्हता. २०१२ मध्ये ओबामांना येथे सुमारे ६३ टक्के मते पडली. त्यांच्या प्रशासनाने मोटार उद्योगाला सावरल्याची आठवण तेव्हा ताजी होती. चारच वर्षांनी हिलरी क्लिंटन यांची आघाडी सुमारे तीन टक्क्यांवर आली. २०२० मध्ये ट्रम्प यांनी महोनिंग जिंकले. १९७२ च्या निक्सन यांच्यानंतर असे यश मिळविणारे ते पहिले रिपब्लिकन उमेदवार. २०२४ मध्ये त्यांचे मताधिक्य आणखी वाढले.

येथेही केवळ आर्थिक स्पष्टीकरण तोकडे पडते. रोजगार परत येतील, घरे विकू नका, असे आश्वासन ट्रम्प यांनी २०१७ मध्ये यंग्जटाउनच्या सभेत दिले होते. मार्च २०१९ मध्ये शेजारच्या ट्रम्बुल काउंटीतील लॉर्ड्सटाउनचा जनरल मोटर्सचा कारखाना थांबला. तरी पुढच्याच वर्षी कौल त्यांच्या बाजूने गेला. कार्टर यांना जी सवलत मिळाली होती, तीच आता प्रतिपक्षाला मिळू लागली, असेच म्हणावे लागेल.

अर्थात १९७७ चा मतदार आणि २०२० चा मतदार एक नव्हे. अनेक जण निवर्तले, तरुण नोकरीच्या शोधात बाहेर पडले. त्यामुळे काउंटीच्या बेरजेवरून एकेका माणसाचे मन वाचण्याचा मोह टाळलेला बरा. तथापि एवढे निश्चित की, मजूर वर्गाचे मत हे कोणत्याही पक्षाचे पिढीजात वतन नसते. कारखाना बंद पडल्यावरही चाळीस वर्षे मिळत राहिलेली मते ही समाधानाची पावती नव्हती, ती जुन्या ठेवीवरची उचल होती. मूळ ठेव आटत असताना व्याजावर खूश राहिलेल्या पक्षाला खाते रिकामे झाल्यावर आश्चर्य करण्याचा अधिकार उरत नाही.