घोडा आणि पावसाळी माशा

आजचा विषय ऐकून कोणी हंसेल. दारांत मोटार उभी असतां हा म्हातारा घोड्याच्या माशा कशाला मोजीत बसला, असें वाटणें साहजिक आहे. परंतु हवापालटासाठीं आपण ज्या माथेरानास जातों, तेथें दस्तुरीपुढें खासगी मोटार जात नाहीं. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षा आल्या, तरी घोड्याचें काम सुटलेलें नाहीं. वैशाखाचा उकाडा टिकून असतांच पहिली सर पडली, कीं त्या मुक्या प्राण्याची काय अवस्था होते, हें खोगिरावर बसणारास सहसा दिसत नाहीं.

घोडे बाळगणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला आपली घोडी दाखविली. डोळ्याच्या कोपऱ्याशीं लालभडक, खरबरीत मांस वाढलेलें. पंधरा दिवस हळद लावूनही जखम भरून येईना. हा विकार आपल्या देशांत 'बरसाती' या नांवानें जुना आहे. घोड्याच्या जठरांतील एका कृमीचीं पिल्लें लिदीवाटे माशीच्या अळींत शिरतात, माशीबरोबर वाढतात, आणि ती ओल्या डोळ्यावर अगर जखमेवर बसली कीं तेथें उतरतात. मग हळद काय करणार? पशुवैद्याच्या कृमिनाशक औषधानें घोडीस गुण आला. चाळीस वर्षें शाळेंत शास्त्र शिकवूनही मला हें ठाऊक नव्हतें, हें कबूल करतों.

सगळ्या माशा सारख्या नव्हेत. घरमाशी चावत नाहीं. डोळ्यांतलें पाणी व घाम चाटते. तिच्यासारखीच दिसणारी तबेल्यांतली माशी मात्र पायांना डसते; घोडा सारखे पाय आपटूं लागला कीं तिला ओळखावें. तिसरी मोठी गोमाशी. ती कातडी कापून रक्त पिते, आणि 'सर्रा' या रोगाचे जंतू एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते. ते जंतू ग्रिफिथ एव्हान्स यांनीं १८८० सालीं डेरा इस्माइल खान येथें शोधून काढिले.

उपायांत लोकांचा भर तेलांवर असतो. निंबाचें तेल कांहीं वेळ उपयोगी पडतें खरें, पण घामानें व पावसानें तें धुवून जातें. खरें मूळ लिदींत आहे. एक घोडा दिवसास १५ ते २० किलो लीद टाकतो, आणि उष्ण, दमट हवेंत घरमाशीच्या अंड्याची माशी ७ ते १० दिवसांत होते. म्हणून लीद व भिजलेलें गवत रोज उचलावें. ढीग नीट रचला तर आंतल्या उष्णतेनें अळ्या मरतात. कडेच्या मात्र वांचतात, यासाठीं तो अधूनमधून उलथावा.

माशांच्या भयानें जाड गोणपाट पांघरणें हा उलटा उपाय होय. दमट हवेंत घाम आधींच सुकत नाहीं. त्यांत जनावर उकडून निघतें. विरळ जाळीची झूल, कपाळावर दोऱ्यांची झालर आणि तबेल्यांत वाहता वारा बरा. जोराच्या वाऱ्यांत माशीला नीट बसतां येत नाहीं. शेपूट तर कधींच कापूं नये. तेंच त्याचें हत्यार.

एक गंमतीची गोष्ट. २०१९ सालीं टिम कॅरो प्रभृति संशोधकांनीं इंग्लंडांत घोड्यांवर झेब्य्रासारख्या पट्ट्यांची झूल घातली, तेव्हां गोमाशा त्यांवर पुष्कळच कमी बसल्या. हें सांगतांच माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, गिऱ्हाईक आधीं हंसेल!" तूर्त त्यानें झालर बांधली आहे, आणि लिदीचा ढीग तबेल्यापासून लांब नेला आहे.