द्राक्षाची साल, हळद आणि कर्करोग

आपट्यासारख्या गावांत काय किंवा मुंबईच्या चाळींत काय, घरांत कोणास कर्करोग झाल्याचें कळलें, कीं शेजारीपाजारी उपाय सुचवूं लागतात. कोणी हळदीचें दूध सांगतो, कोणी द्राक्षें. प्रेमापोटीं दिलेले हे सल्ले शस्त्रक्रिया अगर औषधोपचार सोडून पाळले, तर मात्र जिवावर बेततात. अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, केवळ पर्यायी उपायांवर विसंबलेल्या रोग्यांत मृत्यूचा धोका सुमारें अडीचपट आढळला.

तरी अन्नांतील द्रव्यांत औषधी गुण नाहींतच, असें म्हणणें हाही उतावीळपणाच. आपटा ज्या पनवेल तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांतील खारघर येथें टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधनसंस्था आहे. तेथें डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांचे सहकारी द्राक्षाच्या सालींत सांपडणाऱ्या रेस्व्हेराट्रॉल या द्रव्याचा अभ्यास करीत आले आहेत. त्यांची उपपत्ति अशी : औषधानें कर्करोगाच्या पेशी मरतात, परंतु मरतांना त्यांच्यांतील रंगसूत्रांचे तुकडे मोकळे सुटतात आणि निरोगी पेशींत शिरून त्यांस इजा करतात. रेस्व्हेराट्रॉलास तांब्याची अत्यल्प जोड दिली, कीं प्राणवायूचीं अतिशय उग्र रूपें निर्माण होऊन त्या तुकड्यांचा नाश होतो. गंमत ही, कीं शरीरांतील अशा उग्र प्राणवायूस आवर घालणारें म्हणून ज्या द्रव्याची ख्याति, तेंच येथें नेमकें उलट काम करतें!

अस्थिमज्जेच्या एका कर्करोगावर तीव्र औषध घेणाऱ्या थोड्या रोग्यांना ही जोडी देण्यांत आली. त्यांच्या तोंडांतील यातनादायक व्रणांची तीव्रता कमी झाल्याचें २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. येथें मूळचें औषध कोणी बंद केलें नव्हतें. त्याचा जाच तेवढा हलका करावयाचा होता. लहान मात्रेंत रेस्व्हेराट्रॉल होतें अवघें ५.६ मिलिग्रॅम, आणि तांबें तर त्याच्याही दहाहजाराव्या हिश्श्याइतकें. घडभर द्राक्षें खाऊन हें मोजमाप साधणार नाहीं.

हळदीची अडचण निराळी. तिच्यांतील कर्क्युमिन प्रयोगशाळेच्या कांचपात्रांत कर्करोगाच्या पेशींस मारतें. पोटांत घेतलें, तर रक्तांत फारच थोडें उतरतें. मिऱ्यांतील पिपरीन सोबत दिल्यास तें वीसपट उतरतें, असें बंगलोरच्या संशोधकांस १९९८ सालीं आढळलें. पण पिपरीन शरीरांतील ज्या क्रिया अडवितें, त्यांनीं कित्येक औषधांचाही निचरा होत असतो. तो खुंटल्यास औषध अंगांत सांचून अपाय होऊं शकतो. आमटींतील चिमूटभर हळदीमिऱ्यांस भिण्याचें कारण नाहीं. अर्क, गोळ्या वा पुड्या घेत असल्यास त्या मात्र पिशवींत लपवून न ठेवतां डॉक्टरांपुढें मांडाव्या.