घरचा सर्व्हर (भाग ४) : आधी वॅट, मग रॅम, मग बाकीचं

मागच्या भागात आपण कामांची यादी केली होती: फोटोंचा साठा, जाहिराती अडवणारं पाय-होल आणि दिवे-पंखे सांभाळणारं होम असिस्टंट. ही सगळी कामं एकाच यंत्रावर, पण एकमेकांपासून वेगळी चालवायची तर व्हर्च्युअलायझेशन हवं. आज त्यासाठीचं यंत्र आणि सॉफ्टवेअर ठरवू.

यंत्र घेताना नजर आधी कोअरच्या आकड्यावर जाते. पण घरचा सर्व्हर बहुतेक वेळ रिकामाच बसून असतो, त्यामुळे रिकामा असताना तो किती वीज ओढतो हे आधी पाहावं. चोवीस तास सुरू असलेल्या एका वॅटचे वर्षाला ८.७६ युनिट होतात. कंपन्यांनी काढून टाकलेला जुना रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतो खरा. पण तो रिकामा असताना १२० वॅट घेत असेल, तर वर्षाला सुमारे १,०५० युनिट जातील. १५ वॅटवर बसून राहणाऱ्या मिनी पीसीला १३१ पुरतात. युनिटला दहा रुपये धरले, तर फरक वर्षाला नऊ हजारांवर जातो. पंख्यांचा आवाज वेगळाच.

दुसरी गोष्ट रॅम. प्रोसेसर सगळी व्हर्च्युअल मशिन आळीपाळीने वापरू शकतात. रॅम मात्र जिला दिली तिच्याकडेच बहुतांशी अडकते. इंटेल एन१०० हा चार कोअरचा, ६ वॅट टीडीपीचा प्रोसेसर आपल्या यादीला पुरेल, पण इंटेलच्या हिशेबाने त्याची मर्यादा १६ जीबी आहे. पुढे व्याप वाढणार असेल, तर दोन रॅम स्लॉट असलेला वापरलेला ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा थिंकसेंटर टायनी बघा. बायोसमध्ये व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही सुरू आहे ना, तेही तपासा.

आता सॉफ्टवेअर. घरगुती प्रयोग करणाऱ्यांत व्हीएमवेअरचं मोफत ईएसएक्सआय बरंच वापरात होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२४मध्ये मोफत आवृत्ती बंद झाली. एप्रिल २०२५मध्ये ती परत आली, पण मधल्या काळात अनेकांनी घर बदललं होतं. ते बहुतेक प्रॉक्समॉक्सकडे वळले. व्हिएन्नातल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर २००८पासून आहे. त्याचा पाया डेबियन लिनक्सचा, आणि २००७पासून लिनक्स कर्नलमध्येच असलेलं केव्हीएम त्याचं इंजिन. ते मुक्तस्रोत आहे. पैसे मोजावे लागतात ते पारखून दिलेल्या अपडेटसाठी आणि मदतीसाठी. म्हणून माझी शिफारस प्रॉक्समॉक्सचीच.

त्यात व्हर्च्युअल मशिनसोबत एलएक्ससी कंटेनरही मिळतात. कंटेनर यजमानाचंच कर्नल वापरतो, म्हणून हलका असतो. पाय-होल ५१२ एमबीच्या कंटेनरमध्ये आरामात बसतं. स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन येणाऱ्या होम असिस्टंटला मात्र पूर्ण मशिन द्या.

पुढच्या भागात: पेन ड्राइव्हवरून प्रॉक्समॉक्स बसवणं आणि पहिला बॅकअप. तोवर घरातल्या जुन्या पीसीला वॅटमीटर लावून त्याचा आकडा टिपून ठेवा.