उत्तर उताऱ्यात असतं, पण उतरवून मिळत नाही

"आमच्या घरात आगरी बोलतात, मुलाला इंग्रजी कसं जमणार?" उरणमध्ये दहावीच्या मुलांचे पालक हे अगदी मनापासून विचारतात. वडील बंदरात किंवा कंटेनर यार्डात, आई घर सांभाळून मच्छीच्या धंद्यात. आपल्याला इंग्रजी येत नाही याची खंत दोघांनाही असते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच जाड गाईड घरात येतं आणि पाठांतर सुरू होतं. कष्टांत काही कमी नसते, पण त्यांची दिशा चुकते.

आधी कृतिपत्रिकेची, म्हणजे परीक्षेतल्या प्रश्नपत्रिकेची, रचना पाहू. राज्य मंडळाची तृतीय भाषा इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची असते. पाठ्यपुस्तकातले दोन उतारे प्रत्येकी १० गुणांचे, पुस्तकाबाहेरचा उतारा आणखी १० गुणांचा. प्रत्येक उताऱ्याखाली २ गुणांच्या पाच कृती असतात: सरळ माहिती शोधणे, माहिती जोडून उत्तर देणे, शब्दसंग्रह, उताऱ्यातल्याच वाक्यावरचं व्याकरण आणि स्वतःचं मत. म्हणजे ३० गुण समोर छापलेल्या मजकुरावर मिळतात. पुस्तकाबाहेरचा उतारा कुठल्याच गाईडमधून पाठ करता येत नाही, आणि पुस्तकातल्या उताऱ्यावरचे प्रश्नही दर वेळी नवे असू शकतात.

"प्रत्येक शब्दाचा अर्थ आल्याशिवाय उतारा समजत नाही," हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. आपल्याच तालुक्यावरचा एक छोटा उतारा घेऊन पाहू: "घारापुरी इज ॲन आयलंड इन उरण तालुका. युनेस्को लिस्टेड इट्स केव्ह्ज इन १९८७. द व्हिलेजर्स, हाउएव्हर, डिपेन्डेड ऑन जनरेटर्स फॉर अ फ्यू अवर्स ऑफ लाइट एव्हरी इव्हनिंग. इन २०१८, ॲन अंडरसी केबल ब्रॉट इलेक्ट्रिसिटी टू द आयलंड." समजा, 'डिपेन्डेड' अडला. त्याच्या मागे गावकरी आहेत, पुढे जनरेटर, दिवे आणि संध्याकाळ. गावकऱ्यांचा उजेड जनरेटरवर चालत होता, एवढं कळलं की पुढे जाता येतं. परीक्षेत शब्दकोश नसतो. अडलेल्या शब्दावर पाच मिनिटं घालवण्यापेक्षा आजूबाजूची दोन वाक्यं पुन्हा वाचणं केव्हाही बरं.

दुसरा गैरसमज मुलांच्या हाताला लागलेल्या सवयीतून दिसतो. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात सापडला की ती अख्खी ओळ उत्तरपत्रिकेत उतरते. सरळ माहितीच्या प्रश्नाला हे कधीकधी चालून जातं. पण या उताऱ्यावर असा प्रश्न विचारला, "व्हिच केम फर्स्ट टू घारापुरी, वर्ल्ड फेम ऑर इलेक्ट्रिसिटी?" तर? याचं उत्तर कुठल्याही एका ओळीत नाही. १९८७ आणि २०१८ ही दोन वर्षं शेजारी ठेवली, तरच जगातली कीर्ती आधी आली आणि वीज नंतर, हे कळतं. उतारा वाचणं म्हणतात ते हेच.

आता उत्तराच्या वाक्याकडे. "व्हेन डिड इलेक्ट्रिसिटी रीच द आयलंड?" या प्रश्नाला असंख्य मुलं लिहितात, "इलेक्ट्रिसिटी डिड रीच्ड द आयलंड इन २०१८." माहिती बरोबर, वाक्य चुकलं. प्रश्नात भूतकाळाचा भार 'डिड'ने उचललेला असतो, म्हणून 'रीच' मूळ रूपात राहतं. उत्तरात 'डिड' जातं आणि तो भार क्रियापदावर येतो: "इलेक्ट्रिसिटी रीच्ड द आयलंड इन २०१८." ही एक गोष्ट वहीत दहा-बारा प्रश्नांवर घटवली तर आकलनाच्या उत्तरांतल्या कितीतरी चुका थांबतील.

व्याकरणातला मोठा गोंधळ मात्र प्रयोगांचा आहे आणि तो मराठीच्या तासातून इंग्रजीच्या तासात येतो. 'केबलने बेटावर वीज आणली.' इथे 'आणली' हे क्रियापद 'वीज' या कर्माप्रमाणे चालतं, म्हणून मराठीत हा कर्मणी प्रयोग. मग मूल धरून चालतं की इंग्रजीतही हा पॅसिव्ह व्हॉइसच. पण "ॲन अंडरसी केबल ब्रॉट इलेक्ट्रिसिटी" हे ॲक्टिव्ह वाक्य आहे, कारण आणणारी केबल कर्त्याच्या जागी बसली आहे. पॅसिव्ह करताना वीज पुढे येते: "इलेक्ट्रिसिटी वॉज ब्रॉट टू द आयलंड बाय ॲन अंडरसी केबल." मराठीत क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं ते पाहायचं, इंग्रजीत कर्त्याच्या जागी बसलेला क्रिया करतो आहे की क्रिया सोसतो आहे ते पाहायचं. कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह, असं समीकरण देणं शिक्षकांनी थांबवलं पाहिजे. त्या एका वाक्याने हुशार मुलंही घोटाळ्यात पडतात.

असंच दुसरं उदाहरण: 'मी त्याला काल पाहिलंय' हे मराठीत सहज चालतं. तेच शब्दशः नेलं की "आय हॅव सीन हिम यस्टरडे" होतं, आणि इंग्रजीत ते चुकतं. 'यस्टरडे'सारखी ठरलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळ: "आय सॉ हिम यस्टरडे."

मग घरची मराठी किंवा आगरी आडवी येते का? जिथे दोन भाषांची घडण वेगळी आहे तिथे येते, आणि ती जागा दाखवून दिली की बाजूला होते. बाकी सगळीकडे ती मदतच करते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. आजच्या कृतिपत्रिकेतही इंग्रजी शब्द, वाक्यं आणि म्हण आपल्या माध्यमाच्या भाषेत आणण्याला ५ गुण आहेत. आगरी बोलणारं मूल घरची बोली, शाळेतली प्रमाण मराठी आणि इंग्रजी अशा तीन रूपांत रोज वावरतं. त्याला भाषेचं वावडं असेल कसं?

मताच्या प्रश्नाबद्दल थोडक्यात. तिथे मुलाचं मत शिक्षकांच्या मताशी जुळायला हवं, हा समज खोटा आहे. विषयाला धरून दोन-तीन शुद्ध वाक्यं आणि एक कारण हवं. घारापुरीला वीज उशिरा पोचली याबद्दल काय वाटतं, हे आपल्याच तालुक्यातल्या मोऱ्याच्या किंवा करंज्याच्या मुलापेक्षा चांगलं कोण लिहील?

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीत पोचलेल्या मुलाने दहा वर्षं ही भाषा पाहिलेली असते, ते शून्यावर नसतं. म्हणून पालकांना विनंती: गाईडमधली उत्तरं घोकून घेऊ नका. रोज न पाहिलेला एक छोटा उतारा समोर ठेवा, आधी प्रश्न वाचायला सांगा, मग उतारा, आणि प्रत्येक उत्तरानंतर एवढंच विचारा, "हे तुला कुठल्या ओळीवरून कळलं?" हा प्रश्न विचारायला इंग्रजी यावं लागत नाही.