प्रवाळांच्या गावात – ७ : गोब्रा तोंड उघडतो तेव्हा

गेल्या आठवड्यात आपण श्वासाच्या आधारे पाण्यात एका उंचीवर ठरून राहायला शिकलो. तो तोल कशासाठी, हे आज सांगतो.

अंदमानात स्वराज द्वीपाजवळ, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकजवळ, माझे सुरुवातीचे डाइव्ह नुसते पोहण्यात गेले. मग एकदा प्रशिक्षकाने हात धरून मला रिक्षाएवढ्या एका प्रवाळापाशी थांबवलं. कोकणात ज्याला गोब्रा म्हणतात तसा एक थोराड मासा तिथे आ वासून निश्चल उभा होता, आणि बोटभर लांबीचा, काळ्या पट्ट्याचा निळसर मासा खुशाल त्याच्या तोंडात शिरत होता. थोड्या वेळाने तो कल्ल्यातून बाहेर आला. गोब्र्याने त्याला गिळलं नाही.

हा क्लीनर रॅस. मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खाणं हाच त्याचा पोटापाण्याचा उद्योग. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटावर अलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजलं, तर असा एक मासा दिवसाला सुमारे १,२०० परजीवी खातो. पण त्याला खरी चटक माशांच्या अंगावरच्या चिकट थराची. मोह झाला की तो चावा घेतो. मग गिऱ्हाईक, म्हणजे सफाई करून घेणारा मासा, अंग झटकतं, कधी त्याच्या मागे धावतं, कधी दुसरीकडे निघून जातं. आणि दुसरं गिऱ्हाईक बघत असेल, तर हाच मासा जास्त सचोटीने वागतो! ग्रटर आणि रेदुआन बशारी यांनी २००६ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. मला तरी प्रवाळांवरची याहून विलक्षण गोष्ट माहीत नाही.

अशी सफाई चालते ती जागा ओळखायची कशी? खडकाचा उंच, सुटा भाग बघा. तिथे वेगवेगळ्या जातींचे मासे न भांडता थांबलेले असतात. कुणी तोंड वर करून उभा, कुणी डोकं खाली घालून. निळा मासा दिसला तर त्याचं तोंड नीट पाहा. टोकाला असेल तर तो सफाईवाला. नाकाडाच्या खालच्या बाजूला असेल तर तो ब्लेनी नावाचा तोतया. हुबेहूब तसाच रंग घेऊन तो जवळ येतो आणि पराचा लचका तोडतो.

दोन-तीन मीटर लांब राहा, गेल्या आठवड्यातला तोल वापरून तिथेच ठरा, पायातले फिन हलवू नका, माशांच्या मधे तर मुळीच जाऊ नका. थोड्या वेळात माशांना तुमची सवय झाली की सफाईसाठी त्यांची रांग पुन्हा लागते.

याउलट, किनाऱ्याजवळच्या काही डाइव्हमध्ये फोटोसाठी माशांना पाव टाकतात. त्या गर्दीत मासे भरपूर दिसतात, पण त्यांचं रोजचं वागणं काहीच दिसत नाही, आणि पाव हे त्यांचं अन्नही नाही. मालवणला किंवा अंदमानला जाल तेव्हा पाण्यात उतरण्याआधी, बोटीवरच सांगा : आम्हाला पाव टाकायचा नाही, आम्ही एका जागी थांबून बघणार आहोत.