ज्याच्यासाठी करायचं, त्याला विचारून

तान्ह्या बाळाचे श्वास मोजणं दिसतं तितकं सोपं नाही. मोठ्या माणसाची छाती संथ लयीत वरखाली होते. बाळाचा श्वास मध्येच भरभर चालतो, काही सेकंद थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची युक्ती इथं चालत नाही. पूर्ण मिनिटभर मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर थोडं थांबून पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच भरले, तर बाळाला धोका आहे असं समजून लगेच उपचार सुरू करायचे. त्यासाठी ना एक्स-रे लागतो, ना रक्ताची तपासणी. लागतं ते मोजता येणारं माणूस, आणि तेही बाळाच्या घराजवळ राहणारं.

१९८०च्या दशकात गडचिरोलीच्या खेड्यांत नेमकी हीच अडचण होती. ज्यांना श्वास मोजता येत होते ते डॉक्टर कित्येक मैल दूर होते. बाळाजवळ जी बाई होती, ती म्हणजे गावची सुईण, तिनं शाळा पाहिलेली नव्हती. दहा-बारापर्यंत आकडे तिला यायचे, साठपर्यंत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुलांचे मृत्यू मोजायला बसल्यावर न्यूमोनिया हे मोठं कारण म्हणून पुढं आलं. औषध स्वस्त होतं, तोंडावाटे देता येत होतं. प्रश्न होता तो आजार ओळखायचा कुणी.

अशा वेळी सहज सुचणारं उत्तर म्हणजे सुईणीला साठपर्यंत मोजायला शिकवणं, किंवा हे काम तिच्या आवाक्याबाहेरचं आहे असं ठरवून मोकळं होणं. बंग दांपत्यानं यातलं काहीच केलं नाही. सुईणीला जे येत होतं, तिथूनच त्यांनी सुरुवात केली. तिला दहापर्यंत मोजता येतं ना? मग साधन दहावर चालणारं हवं. त्यातून श्वासमापक तयार झाला. त्यात मण्यांच्या ओळी आणि सोबत एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ. घड्याळ उलटं करायचं आणि बाळाच्या पोटाकडे पाहत मोजायला लागायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे असं समजायचं. अगदी लहान बाळांसाठी एक ओळ आणि त्याहून मोठ्या मुलांसाठी दुसरी, कारण वय वाढतं तशी धोक्याची रेघ खाली येते. दोन महिन्यांनंतर ती ५०वर असते.

या साधनाचा मी जितका विचार करते, तितकं त्यातलं शहाणपण मला मोठं वाटतं. सुईणीला साठ हा आकडा माहीत असायची गरजच उरत नाही. तिच्या हाताला मणी ओळखीचे असतात. लाल रंगाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. नजर बाळावरून हलवावी लागत नाही, कारण मणी बोटांनी चाचपून सरकवता येतो. आणि महत्त्वाचं म्हणजे तिला स्वतःचा भरवसा वाटतो. गावातल्याच माणसांच्या हातून न्यूमोनियाचे उपचार केले, तर बालमृत्यू कमी होतात हे गडचिरोलीतल्या अभ्यासानं दाखवलं. तो १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

याच रीतीनं पुढं एक अख्खा दवाखाना उभा राहिला. आदिवासी माणसं सरकारी रुग्णालयात फारशी येत नव्हती. अज्ञान, अंधश्रद्धा अशी कारणं शहरात बसून सांगणं सोपं होतं. बंग दांपत्य लोकांना विचारत गेलं आणि उत्तरं वेगळीच निघाली. एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आमच्यात मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतात. आजारी माणसाला आत ठेवून घेतात आणि घरच्यांना बाहेर काढतात. यातलं एकही कारण औषधाबद्दल नव्हतं. माणसाला तिथं कसं वाटतं, त्याबद्दल ती सगळी होती.

‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना ही उत्तरं समोर ठेवून बांधला गेला. एका मोठ्या इमारतीऐवजी आदिवासी खेड्यासारख्या सुट्या झोपड्या. रुग्णाजवळ त्याचे नातेवाईक राहू शकतील अशी सोय. आणि नाव बस्तरपासून गडचिरोलीपर्यंत जिची पूजा होते त्या देवीचं, माँ दंतेश्वरी दवाखाना. आत उपचार आधुनिकच. ऑपरेशनही होतं, सलाईनही लावलं जातं. बदलली ती त्या उपचारांपर्यंतची वाट.

आज डिझाइनच्या संस्थांत याला मानवकेंद्री डिझाइन म्हणतात. त्याचे टप्पे फळ्यावर लिहून शिकवले जातात: माणसांजवळ बसा, पाहा, विचारा, साधा नमुना करा, त्यांच्याच हातात द्या, चुकलं ते बदला. गडचिरोलीत हे सगळं झालं, आणि त्यावर आणखी एक गोष्ट झाली. केलेल्या बदलानं खरंच मृत्यू कमी झाले का, हे वर्षानुवर्षं मोजलं गेलं. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायची पद्धत ३९ गावांत राबवली आणि तिची तुलना ४७ गावांशी केली. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. काम करणाऱ्या बहुतेक गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायका होत्या. पुढं २०११ मध्ये केंद्र सरकारनं ही पद्धत देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आणली. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी जाते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

हे काम जवळून पाहावं म्हणून विदर्भातल्या एका गावात एका आशाताईंबरोबर मी घरभेटीला गेले. थंडीचे दिवस होते आणि बाळ सात दिवसांचं. ताईंनी उंबऱ्याशी चप्पल काढली, पिशवी खाली ठेवली आणि आधी साबण मागितला. कोपरापर्यंत हात धुतले, पुसले नाहीत, वरच्या वर वाळू दिले. मग झोळीचा काटा बाहेर काढला. रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणला, डोळ्यांच्या रेषेत धरला आणि बाळ झोळीत ठेवलं.

“वजन केलं का दृष्ट लागते म्हणतेत,” आजी दारातून म्हणाल्या.

“लागू नये म्हणून तीट लावा ना आजी,” ताई काट्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. “पन तळपायाले लावा. डोळ्यांत काजळ नका घालू, डोळे चिकटतेत.”

आजींनी मान डोलावली. त्यांची भीती कुणी खोडली नव्हती, फक्त काजळ डोळ्यांतून पायाकडे गेलं होतं. डोळे वाचले आणि आजीही दुखावल्या नाहीत. पुढच्या भेटीला ताईंना त्याच दारातून आत जायचं असतं, याचं भान त्या एका वाक्यात होतं.

मग श्वास. आता मणी नाहीत, ताईंजवळ डिजिटल घड्याळ असतं. त्यांनी झबलं वर केलं, घड्याळ बाळाच्या पोटाजवळ धरलं आणि ओठ हलवत मोजलं. चौसष्ट. त्यांनी काही लिहिलं नाही. झोळीतून काढल्यावर बाळ रडलं होतं आणि अजून मुसमुसत होतं. त्यांनी ते दुपट्यात गुंडाळून आईच्या कुशीत दिलं, पाजायला सांगितलं आणि आपण तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या.

नियम म्हणतो, थांबून पुन्हा मोजा. त्या थांबण्यात काय करायचं, हे ताईंचं स्वतःचं कसब. अंगावरून किती जातं, ताप आला का, झोप लागते का, असं त्या विचारत गेल्या. बाळंतीण आधी हो-नाहीवर भागवत होती. मग हळूच म्हणाली, एका बाजूला ठणका लागतो, पाजायची भीती वाटते, म्हणून दुसऱ्याच बाजूनं पाजते. ताईंनी हात लावून पाहिलं. बाळाचं तोंड मोठं उघडून स्तनाचा गडद भाग आत कसा जाईल, ते तिच्याच हातांनी करून घेतलं. दुखऱ्या बाजूनंही पाजायचंच, दूध साचू द्यायचं नाही, ताप आला तर लगेच फोन करायचा, हे आजींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तोवर बाळ झोपलं होतं. पुन्हा मोजलं. पन्नास. आता लिहिलं.

मला त्या भेटीतला सगळ्यात मोलाचा भाग वाटला तो हाच, दोन मोजण्यांमधला. तो नसता तर ठणका कळलाच नसता.

आकड्यावर माणसाचा विश्वास कसा बसतो, याबद्दल महाराष्ट्रातलीच आणखी एक गोष्ट आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये कमी वजनाच्या बाळांसाठी ‘एम्ब्रेस’ ही ऊब देणारी पिशवी तयार करायला घेतली. तिच्यात मेणासारखा पदार्थ असतो. एकदा गरम केला की तो काही तास ३७ अंशांच्या आसपास ऊब देत राहतो, वीज सतत लागत नाही. सुरुवातीच्या नमुन्यात तापमान आकड्यांत दिसायचं. ती महाराष्ट्रातल्या आयांना दाखवली, तेव्हा एका आईनं मनातलं सांगितलं. इंग्रजी औषधं फार कडक असतात, म्हणून आम्ही सांगितलं त्याच्या निम्मीच देतो. डॉक्टर ३७ म्हणाले तर मी त्याहून कमीच ठेवीन. बाळाला जपायचं म्हणून तिनं ऊब कमी केली असती, आणि त्याच कारणानं बाळ गारठलं असतं. मग आकडे काढून टाकले गेले. पिशवी पुरेशी तापली की ठीक असल्याची खूण दिसेल, एवढंच ठेवलं. ती आई बोलली नसती, तर हा दोष प्रयोगशाळेत कधीच सापडला नसता, कारण प्रयोगशाळेत पिशवी उत्तम चालत होती.

पुन्हा त्या घरभेटीकडे येते. तपासणी आटोपल्यावर ताई ओट्यावर बसून लिहायला लागल्या. बाळाचं वजन त्यांनी घरभेटीच्या फॉर्मवर लिहिलं, आईजवळच्या कार्डावर लिहिलं आणि स्वतःच्या वहीतही लिहिलं. ही वही कुणी मागत नाही, पण पुढं कुणी काही विचारलं तर हाताशी असावी म्हणून त्या ठेवतात. फॉर्मवर खुणांचे चौकोन ओळीनं भरत गेले. ठणक्याची खूण करायला चौकोन होता. पण ती पाजायला घाबरते, हे लिहायला जागा कुठंच नव्हती. ताईंनी ते वहीच्या समासात लिहिलं, पुढच्या भेटीत आठवावं म्हणून. सगळ्या भेटी पूर्ण करून फॉर्म जमा केला की त्यांना २५० रुपये मिळतात. म्हणजे पैसे फॉर्मवर ठरतात, आणि काम समासात राहतं.

मला हे फार लागलं. कारण घरभेटीची ही पद्धतच मुळी खालून वर गेलेली आहे. सुईणीला काय येतं, आईला काय पटतं, आजीला कशाची भीती वाटते, हे विचारून ती घडली. तिची नोंद ठेवणारा कागद मात्र वरून खाली आलेला दिसतो. वरच्या कार्यालयाला काय मोजायचंय, त्यावर त्याचे रकाने ठरलेले दिसतात. आता अनेक ठिकाणी हेच रकाने मोबाइलवरही भरायचे असतात. कागद जाऊन पडदा आला, एवढ्यानं रचना माणसाच्या जवळ येत नाही. वापरणाऱ्याला विचारलं नसेल, तर जुनीच अडचण नव्या काचेवर दिसते.

यावर मोठा खर्च लागत नाही. नवा फॉर्म, नवं अॅप किंवा दवाखान्यातल्या नव्या विभागाचा नकाशा मंजूर करण्याआधी तो काही आशांच्या आणि काही बाळंतिणींच्या हातात द्यावा, आणि ठरवणाऱ्यानं शेजारी बसावं. समजावून सांगू नये, फक्त पाहावं. पेन कुठं अडतं, कुठला प्रश्न विचारताना आवाज खाली येतो, काय समासात लिहिलं जातं, ते टिपावं. समासातल्या गोष्टीला रकाना द्यावा आणि जो रकाना कुणाच्याच उपयोगाचा नाही तो काढून टाकावा. मग वर्षभरानं आजारी बाळं वेळेवर दवाखान्यात पोहोचली का, हे मोजावं. गडचिरोलीत हा क्रम एकदा पाळला गेला आणि त्याचं फळ देशभर पोहोचलं. आरोग्य खात्याच्या प्रत्येक बैठकीत तो पाळला जावा, असा आग्रह आपण नागरिकांनीच धरायला हवा, कारण त्या फॉर्मवरची बाळं आपलीच आहेत.