चिंगीचे पाणी

घरातले म्हातारे कुत्रे एकाएकी जास्त पाणी पिऊ लागले तर आपण काय म्हणतो? 'उकाडा आहे' किंवा 'वय झाले'. आमच्या घरीही हेच म्हटले गेले. महिना मात्र डिसेंबरचा होता, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

२०१० च्या पावसाळ्यात जिन्याखाली भिजत बसलेले एक गावठी पिल्लू आमच्या थोरल्याने उचलून आणले. तीच ही चिंगी. आमच्या दोन खोल्यांत ती तेरा वर्षे राहिली. मी रात्रपाळीहून कितीही वाजता परतलो तरी ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली असे. वजन १५ किलो, प्रकृती दणकट. डिसेंबर २०२३ मध्ये तिचे पाण्याचे भांडे दिवसातून चार-चार वेळा भरावे लागू लागले. जन्मात कधी घरात घाण न केलेली चिंगी रात्री दाराशी लघवी करू लागली. सकाळी पुसण्याचे काम सूनबाईंच्या वाट्याला येई. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, पण मलाच ओशाळल्यासारखे झाले. मग मी एक शहाणपणा केला. रात्री नऊनंतर भांडे उचलून फळीवर ठेवू लागलो.

चार दिवसांनी चिंगी मोरीतले साबणाचे पाणी चाटताना दिसली. आठवड्याने उलट्या सुरू झाल्या, तोंडाला अमोनियासारखा उग्र वास येऊ लागला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. क्रिएटिनिन ३.६ निघाले. कुत्र्यात ते साधारण १.४ च्या आत हवे.

"काका, ती पाणी जास्त पिते म्हणून लघवी जास्त होते असे नाही," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवता येईनासे झाले आहे. ते वाहून जाते, म्हणून ती पिते. तुम्ही भांडे उचललेत, पण वाहून जाणे थांबले नाही."

मला उत्तर सुचले नाही. आजही ते वाक्य आठवले की फळीवरचे भांडे डोळ्यांसमोर येते.

हे समजून घेण्यासारखे आहे. कुत्र्याच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे ४ लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या एकेक करून निकामी होतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. दोनतृतीयांश गेल्या की लघवी पाण्यासारखी पातळ होते, तीनचतुर्थांश गेल्या की रक्तातले क्रिएटिनिन चढू लागते. म्हणजे रक्ताच्या त्या तपासणीत आजार दिसतो तेव्हा थोडेच शिल्लक असते. पण तहान त्याआधी वाढते, आणि ती मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. निरोगी कुत्रे दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पिते. १०० च्या वर गेले तर डॉक्टरांकडे न्यावे. १५ किलोच्या कुत्र्याने दीड लिटरहून अधिक पाणी प्यायले, एवढा हिशोब पुरतो. एक मापाचा मग आणि एक वही. आमच्या घरी ती वही नातीने ठेवली.

तीन दिवस दवाखान्यात शिरेतून सलाईन दिल्यावर क्रिएटिनिन ३.१ वर आले. आजाराच्या चार पायऱ्यांपैकी ही तिसरी. बरी होणार नव्हतीच. आहे ते किती दिवस टिकवायचे, एवढाच प्रश्न होता.

पुढचे सलाईन घरीच द्यायचे ठरले. शिरेत नव्हे, कातडीखाली. डॉक्टरांनी शिकवल्याशिवाय हे कोणी करू नये. पण शिकल्यावर ते अवघड नाही. माझे हात थरथरत, म्हणून सुई सौ.ने धरली. रिंगर लॅक्टेटची बाटली कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगायची, आधी ती कोमट पाण्यात ठेवून थंडपणा घालवायचा. खांद्यांमधली सैल कातडी तंबूसारखी उचलून सुई आत सरकवायची. एका दिवसाआड २०० मिलिलिटर. पाठीवर उंटासारखा फुगवटा येई, कधी तो पुढच्या पायाकडे उतरे आणि काही तासांत जिरून जाई. पहिल्या वेळी चिंगी ओरडली. पुढे बाटली दोरीला लागली की आपणहून येऊन सौ.च्या मांडीला टेकू लागली. शेजारी म्हणत, "गावठी कुत्रीला सलाईन?" सौ. सुई न हलवता म्हणे, "तहान गावठी नसते, भाऊ."

खाण्याचे मात्र हाल झाले. तेरा वर्षे हाडे चघळलेल्या जिवाची हाडे बंद झाली, कारण हाडांत फॉस्फरस भरपूर आणि नेमका तोच अधू मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही. कलेजी, दूध, अंड्यातले पिवळेही गेले. उरला मऊ भात, अंड्याचे पांढरे, उकडलेला दुधी, पाणी काढून टाकलेले थोडे चिकन. मीठ नाही. सोबत अन्नातला फॉस्फरस बांधून ठेवणारी पावडर, उलटीची आणि रक्तदाबाची गोळी. मळमळीने ती ताटलीवरून मान फिरवी. कोमट करून दिले तर वासाने दोन घास जात. कुठल्याशा काढ्याने मूत्रपिंड नवे होते असे सांगणारे दोघे भेटले. त्यांना चहा पाजून वाटेला लावले.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. लंगडणाऱ्या कुत्र्याला माणसाची दुखण्याची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. द्राक्षे आणि मनुकाही नकोत. त्यातले विष कोणते, हे बरीच वर्षे कळत नव्हते. २०२१ साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. ते आपल्या चिंचेतही असते, तेव्हा आमटीभातही जपून. आणि २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टो किती माजला होता ते अनेकांना आठवत असेल. उंदरांच्या लघवीतून पसरणारा तो आजार कुत्र्याचेही मूत्रपिंड खातो. त्याची लस दरवर्षी टोचावी लागते.

चिंगीला आठ महिने मिळाले. त्यातले सहा चांगले गेले. ती पुन्हा जिन्याच्या पायरीवर बसू लागली. जुलै २०२४ मध्ये क्रिएटिनिन ७.८ झाले, हिरड्यांवर फोड आले. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनचा विषय काढला: आधी भूल, मग शेवटचे औषध, यातना नाहीत. घरात दोन तट पडले. मुलगा म्हणाला, सुटका करू. माझी धाकटी बहीण म्हणाली, दादा, जीव घेणारे आपण कोण? मी कधी याच्या बाजूने, कधी तिच्या. नातीच्या वहीत पाणी १८०० वरून ९०० वर, मग २०० वर आले. ऑगस्टच्या एका सकाळी तिच्यापुढे भांडे धरले आणि तिने तोंड बाजूला वळवले. सौ. म्हणाली, "अहो, रिक्षा बोलवा."

टेबलावर तिचे डोके माझ्या तळहातावर होते. शहापूरजवळ मेहुण्याच्या शेताच्या बांधावर तिला पुरले, बहीणही आली होती. सलाईनच्या तीन बाटल्या उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात देऊन आलो. तिथे एका रिक्षावाल्याचे म्हातारे कुत्रे बाकाखाली बसले होते आणि तो सांगत होता, हल्ली हे पाणी फार पिते.